चौक लिहायचा कसा? जिव्या सोमा म्हसे यांच्या वाटेने वारली चित्र, भिंतीपासून कापडापर्यंत

वारली आदिवासींच्या घरात लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं पूजेचं चौकोनी चित्र, 'काढत' नाहीत, 'लिहितात'. हा शब्द आधी मनात रुजवला तर पुढचं बरंच सोपं होतं. लिहिताना आपण रेघ पुसत बसत नाही, सावली देत नाही आणि अक्षराला रंग भरून सजवतही नाही. एकामागून एक खूण ठेवत जातो आणि त्या खुणांचा मिळून अर्थ होतो. वारली चित्राचंही तसंच आहे. दोन त्रिकोण जोडले म्हणजे वारली झालं, असं समजून काढलेली चित्रं चहाच्या कपांपासून रेल्वे स्थानकांच्या भिंतींपर्यंत सगळीकडे दिसतात. ती निर्जीव वाटतात, कारण त्यांना जमीन नसते, पिठाची ओल नसते आणि माणसाच्या कमरेला हालचाल नसते. या लेखात तेच तीन विषय मुख्यतः घेतले आहेत.

नमुना म्हणून आमच्यासमोर वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आहेत. त्यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आयुष्य गेलं डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर. सातव्या वर्षाच्या सुमारास आई गेली आणि मुलगा बोलायचाच थांबला. जे सांगायचं ते तो धुळीत बोटाने रेघा ओढून सांगू लागला. चौक लिहिणं तेव्हा बायकांचं काम होतं, लग्नाच्या घरातल्या सवासिणींचं. जिव्यांनी लग्नाची वाट न पाहता रोज लिहायला सुरुवात केली. मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारे चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या भागात आले आणि त्यांना जिव्यांचा हात दिसला. १९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये प्रदर्शन, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात सहभाग, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. एवढं सगळं होऊनही त्यांनी चित्रात तिसरा रंग आणला नाही. मातीचा एक आणि पिठाचा एक, हे दोन रंग त्यांना आयुष्यभर पुरले.

जमीन

चित्राआधी जमीन. पालघर जिल्ह्यातल्या जुन्या वारली घराची भिंत म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी मातीने लिंपायच्या. सरावासाठी पूर्ण भिंत उभी करायची गरज नाही. दोन हात लांब आणि दीड हात रुंद कामट्यांची चौकट बांधून तीच लिंपली तरी सगळं शिकता येतं.

लिंपणाची माती अशी करा: चाळलेली तांबडी माती तीन घमेली, ताजं शेण एक घमेलं, बोटभर लांबीचा कापलेला पेंढा अर्धं घमेलं, आणि असल्यास भाताचं तूस दोन ओंजळी. पाणी घालून पायाने तुडवा आणि ओल्या गोणपाटाखाली दोन दिवस मुरू द्या. न मुरलेली माती कामट्यांना नीट धरत नाही, वाळली की खपली होऊन सुटते. मुरली की नाही हे पाहायला लिंबाएवढा गोळा करून तळहातावर दाबा. कडा फाटल्या नाहीत तर माती तयार आहे. कडा फाटत असतील तर पाणी आणि शेण कमी पडलंय. हाताला लोण्यासारखी चिकटून राहत असेल तर माती फार चिकण आहे, अर्धं घमेलं बारीक रेती मिसळा.

पहिला थर अर्ध्या बोटाच्या जाडीचा, तळहाताने दाबून कामट्यांच्या फटीत घुसवायचा. सावलीत चार-पाच दिवस वाळवा. तडा जाणारच, घाबरू नका. केसाएवढ्या तडा दुसऱ्या थराने बुजतात. बोट आत जाईल एवढी तड गेली असेल तर माती चिकण होती किंवा भिंत उन्हात वाळवली. तो भाग खरवडून पुन्हा लिंपा. दुसरा थर पातळ: गाळलेली माती दोन भाग, शेण एक भाग, दाट आमटीएवढं पाणी. तो पोतेऱ्याने किंवा तळहाताने कमानीसारखे हात फिरवत सारवा. हाताच्या कमानी वाळल्यावरही हलक्या दिसतात. त्या घासून गुळगुळीत करू नका, पिठाच्या रेघेला धरायला तोच खरबरीतपणा लागतो.

मग गेरू. साधारण दहा चौरस फुटांना पाव किलो गेरूची पूड, अर्धा लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे भिजवलेला बाभळीचा डिंक. डिंक नसेल तर पाण्याऐवजी भाताची पातळ पेज वापरा. हा डिंक विसरू नका. लोक गेरू नुसत्या पाण्यात कालवतात, भिंत छान लाल दिसते, आणि पहिली पांढरी रेघ ओढली की ती गुलाबी होते. पिठातल्या पाण्याने सुटा गेरू विरघळतो आणि वर चढतो, म्हणून असं होतं. गेरू वाळल्यावर कोरडं बोट घासून पाहा. बोटाला किंचित रंग लागला तर चालेल. सगळं बोट लाल झालं तर डिंकाचं पाणी घालून आणखी एक हात द्या.

सिमेंटच्या भिंतीवर करायचं असेल तर आधी ऑइलपेंट किंवा चकचकीत डिस्टेंपर खरवडून काढा. एक भाग गाळलेली माती आणि एक भाग गेरू पाण्यात कालवून, लिटरमागे चार चमचे फेव्हिकॉल घालून दोन हात द्या. कुडाची मजा येत नाही, पण टिकतं.

पीठ

तांदूळ जाडा, गावठी, बिनपॉलिशचा असला तर उत्तम. बासमतीचा काही उपयोग नाही. एक वाटी तांदूळ रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून पाट्यावर वरवंट्याने वाटा. मिक्सरही चालतो, पण मग फडक्यातून दोनदा गाळावं लागतं, कारण एक कण जरी राहिला तरी काडीला अडकतो आणि रेघ मध्येच फाटते. वाटलेल्या पिठात सव्वा वाटी पाणी आणि एक चहाचा चमचा बाभळीचा डिंक, दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला. दाटपणा ताकाच्या पुढचा आणि दह्याच्या अलीकडचा.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. गेरूवर ओढलेली ओली रेघ पांढरी दिसतच नाही. ती काचेसारखी, पाण्याच्या ओघळासारखी दिसते, खालचा तांबडा रंग आरपार दिसतो. मग वाटतं पीठ पातळ झालं, आणि माणूस आणखी पीठ घालतो. थांबा. दोन-तीन मिनिटांत कडेकडून पांढरेपणा चढायला लागतो, आधी जिथे रेघ बारीक आहे तिथे, मग जाड भागात, आणि शेवटी काडी जिथे थांबली त्या थेंबात. पूर्ण वाळल्यावरच खरा पांढरा कळतो. म्हणून काम सुरू करण्याआधी गेरू दिलेल्या कौलाच्या तुकड्यावर चार रेघा ओढून वाळवून पाहा. वाळलेल्या रेघेवरून नख फिरवा. पीठ भुकटी होऊन निघालं तर डिंक कमी आहे. रेघ चमकली किंवा कडेने उचलली तर डिंक जास्त झालाय. रेघेला आडव्या भेगा पडल्या तर पीठ दाट आहे. दाट पीठ वाळताना आक्रसतं आणि खालच्या गेरूची खपलीही ओढून नेतं.

पीठ एका दिवसाचंच करा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ते आंबतं, फसफसतं, आणि त्यातल्या बुडबुड्यांमुळे रेघेत बारीक छिद्रं पडतात. काम करताना दर पाच मिनिटांनी ढवळा. पीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं, त्यामुळे एकाच चित्रात अर्धी माणसं ठळक आणि अर्धी फिकट होतात.

काडी

बांबूची काडी वीतभर लांबीची, अगरबत्तीच्या काडीच्या दुप्पट जाडीची. हिरव्या बांबूची असेल तर चांगलं. एक टोक अर्धा इंच पाण्यात भिजवून दातांनी चावा. धागे सुटे होतात आणि छोटा कुंचला तयार होतो. बाहेर आलेले एक-दोन धागे ब्लेडने कापा, उरलेले ठेवा. अशा तीन काड्या करा: एक भरायला जाड, एक माणसांसाठी, आणि एक न चावता नुसती तिरकी छिललेली, ठिपके आणि जाळ्याच्या रेघांसाठी. ब्रश घेतला तरी गुन्हा नाही. फक्त ब्रश पीठ साठवून ठेवतो आणि लांब, लवचीक रेघ देतो. काडी दोन-तीन बोटांच्या रेघेत संपते, पुन्हा बुडवावी लागते. वारली चित्रातली ती तुटक, श्वास घेत चालणारी लय काडीच्या या मर्यादेतूनच आलेली आहे. म्हणून निदान पहिला महिना काडीच धरा.

माणूस

पेन्सिल वापरू नका. अंदाज वितीने आणि बोटांनी घ्या, फार तर कोरड्या काडीने हलकी खूण करा.

साधारण सहा सेंटीमीटर उंचीचा उभा माणूस घेऊ. आधी खांद्याची आडवी रेघ, १४ मिलिमीटर. तिच्या दोन्ही टोकांतून दोन तिरक्या रेघा खाली आणा, १६ मिलिमीटरवर त्या एका बिंदूत मिळतील. हा बिंदू म्हणजे कंबर, आणि सगळं चित्र या बिंदूवर तोललेलं असतं. तिथूनच खालचा त्रिकोण उघडा, उंची १२, पाया १०. मग पाय २२ मिलिमीटर, गुडघ्यात किंचित मोडलेले. मग हात. मान ३ मिलिमीटर आणि शेवटी ६ मिलिमीटरचं डोकं. डोकं शेवटी ठेवण्याला कारण आहे: माणूस कुठे पाहतो हे त्याचं अंग काय करतंय त्यावरून ठरतं, आणि अंग आधी झालं की डोकं कुठे झुकवायचं ते आपोआप कळतं. डोळे, नाक, तोंड नाही. बाईला मागे अंबाड्याचा छोटा गोल द्या.

आता मोडा. कमरेचा बिंदू जिथे आहे तिथेच ठेवून वरचा त्रिकोण पुढे झुकवा. थोडा झुकवला की माणूस चालायला लागतो. आणखी झुकवून डोक्यावर भारा दिला की चढ चढणारी बाई होते. जवळजवळ आडवा केला की आवणी, म्हणजे भाताची लावणी, करणारा माणूस होतो, हात खाली चिखलात. वरचा त्रिकोण मागे नेला तर दोर ओढणारा, किंवा विहिरीतून घागर खेचणारी बाई. एक ताळा लक्षात ठेवा: डोक्यातून सरळ खाली रेघ सोडल्याची कल्पना करा. ती दोन पावलांच्या मधे पडली तर माणूस तोल सांभाळून आहे. पावलांच्या पुढे पडली तर तो धावतोय. आणि तुम्हाला उभा माणूस हवा असताना ती बाहेर पडत असेल तर तुमचा माणूस पडतोय. छापील वारलीत सगळी माणसं एकाच साच्यातली, खांदे सरळ, कंबर सरळ. जिव्यांच्या चित्रात भात झोडणारी दहा माणसं असली तर दहांच्या कंबरा दहा प्रकारे मोडलेल्या असतात.

आवणी करणारी वीस माणसं एका रांगेत, प्रत्येकाची झुक वेगळी, हा सराव पंधरा दिवस रोज करा. याला पर्याय नाही.

झाड लिहिताना मुळापासून वर जा. खोडाची रेघ जशी वाढते तशी काडी न्या, फांदी खोडातून फुटू द्या, पान फांदीच्या टोकाकडे पातळ होऊ द्या. वरून खाली ओढलेलं झाड लटकल्यासारखं दिसतं. ताड, शिंदी, बांबू यांची पानं वेगवेगळी आहेत. एकच 'वारली झाड' सगळीकडे चिकटवू नका.

तारप्याच्या नाचात सगळ्यात आधी तारपकरी, म्हणजे तारपा वाजवणारा. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपानाचा लांब भोंगा असलेलं ते वाद्य त्याच्या उंचीएवढं तरी दाखवा. मग त्याच्याभोवती बोटाने हलकी फिरकी आखून घ्या. नाचणारे एकमेकांच्या कमरेमागून हात घालून जोडलेले असतात, म्हणून हाताची रेघ एका माणसाच्या खांद्यातून निघून दुसऱ्याच्या कमरेपाशी संपली पाहिजे. पाय आत आणि डोकी बाहेर, किंवा उलट, जे ठरवाल ते शेवटच्या माणसापर्यंत पाळा. फिरकीच्या बाहेरच्या वळणावर माणसांमधलं अंतर वाढतं. तिथे माणसं मोठी करू नका, जास्त घाला. सुरुवात आतून केली तर बाहेर जागा कधीच कमी पडत नाही. बाहेरून सुरू केलं तर आत शेवटची चार माणसं चेंगरतात.

चौकाबद्दल

लग्नाचा चौक सवासिणी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. मधे पालघट देवी, सर्जनाची देवी. तिच्याभोवती चौकोनी किनारींवर किनारी, बाहेर झाडं, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी छोटा देवचौक, त्यात पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. ही पूजेची जागा आहे. आमचं स्पष्ट मत आहे की हॉटेलच्या भिंतीवर, पडद्यावर किंवा उशीच्या अभ्र्यावर पालघट लिहू नये. नाच, शेती, मासेमारी, शिकार, बाजार, घर, हजारो विषय मोकळे आहेत.

किनार मात्र जरूर शिका, हात बसतो. दोरीने चौकोन आखा, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का पाहा. आधी चारही कोपरे लिहा, मग बाजूच्या मध्यावर खूण करून दोन्हीकडून भरत या. एका कोपऱ्यातून सरळ सुरू केलं तर शेवटच्या कोपऱ्यात साखळीची अर्धी कडी उरते, आणि ती लपवता येत नाही.

कापड

भिंत विकत नेता येत नाही, म्हणून कागद आणि कापड आलं. जिव्यांची मोठी चित्रं पाहिली तर बरीच शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या कापडावर आहेत. त्यांनी भिंत सोडली, जमीन नाही सोडली.

एक मीटर मांजरपाट घ्या. गरम पाण्यात भिजवून, चोळून धुवा, म्हणजे खळ जाईल. खळ राहिली तर सारवण पापुद्र्यासारखं उचलतं. कापड ओलं असतानाच फळीवर ताणून चारही बाजूंना खिळा. ताजं शेण पाव किलो, पाणी दोन कप, कडुनिंबाच्या पाल्याचा काढा अर्धा कप, फेव्हिकॉल दोन मोठे चमचे. हे सगळं कालवून जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून गाळा. गवताच्या काड्या मागे राहतात, हिरवट-तपकिरी पाणी खाली येतं. रुंद कुंच्याने पहिला हात उभा द्या, वाळला की दुसरा आडवा. वाळवणं सावलीतच. वाळल्यावर हिरवी झाक जाऊन मातकट रंग येतो आणि वासही जातो. वास राहिला तर कापड आतून ओलं आहे. तसंच गुंडाळलं तर काळी बुरशी धरते. शेवटी उलट बाजूने मध्यम गरम इस्त्री फिरवा.

कापडावर तांदळाचं पीठ टिकत नाही, घडी पडली की झडतं. इथे पांढरा पोस्टर रंग चार भाग आणि फेव्हिकॉल एक भाग, पाणी घालून पिठाएवढाच पातळ करा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वारली चित्रकार हेच वापरतात.

आता जाळं करून पाहा. नदीवर फेकलेलं मासेमारीचं जाळं हा जिव्यांचा प्रसिद्ध विषय. सगळं कापड बारीक विणीने भरलेलं आणि कोपऱ्यात जाळं फेकणारा एवढासा माणूस. सरावासाठी एक फूट चौरस कापड पुरे. आधी माणूस, त्याचा वरचा त्रिकोण मागे झुकलेला. मग त्याच्या हातातून निघून पसरत जाणारी जाळ्याची बाहेरची कड, एका दमात. मग छिललेल्या काडीने हातापासून कडेपर्यंत सुटणारे धागे, दर अर्ध्या सेंटीमीटरला एक. शेवटी त्यांना आडवे छेदणारे धागे, कमानीत, हाताजवळ दाट आणि कडेकडे विरळ. आडव्या रेघा सरळ ओढल्या तर ती खिडकीची जाळी होते. मासे विणीच्या वर काढू नका; विणताना जागा सोडत जा आणि मासा त्या जागेत लिहा. तळहात कापडावर टेकू देऊ नका, करंगळीवर हात तोला. ओली रेघ पुसली गेली तर तिथे ओल्या बोटाने घासू नका. वाळू द्या, शेणाच्या त्याच पाण्याचा ठिपका द्या, तो वाळल्यावर पुन्हा लिहा. एक फूट जाळ्याला चार-पाच तास लागतात आणि त्याहून लवकर झालं तर वीण बहुधा विरळ आहे.

ठेवणं आणि घेणं

भिंतीवरचं चित्र पावसाळ्यात झडतं. दरवर्षी पुन्हा सारवून नवं लिहिणं हीच त्याची देखभाल. वरून व्हार्निश लावू नका, त्याखाली गेरू काळपट होतो आणि भिंतीची ओल अडकून पोपडे निघतात. वारली चित्राला भौगोलिक मानांकन आहे. विकत घेताना शक्य तर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातल्या चित्रकारांकडून थेट घ्या आणि चित्राखाली किंवा मागे नाव, पाडा आणि साल लिहून मागा. वारली लोकांव्यतिरिक्त कोणी ही पद्धत शिकून काम विकत असेल तर 'वारली पद्धतीचं' असं लिहावं, एवढी सचोटी पाळावी.

कापडाचं चित्र घडी घालून ठेवू नका. तीन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो आणि पुन्हा उलगडताना तिथेच तुटतो. मध्ये पातळ सुती कापड घाला, प्लॅस्टिक नको. कडुनिंबाची वाळलेली पानं नळीच्या आत ठेवा, आणि पावसाळा संपला की एकदा उलगडून दिवसभर सावलीत वारा द्या.